आलेख काढण्याआधी प्रश्न लिहा

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने सर्वांत जास्त वेळा पाहिलेला आलेख कोणता असेल? माझा अंदाज, रुपयाच्या भावाचा. घरी पैसे पाठवायचे असले की आपण फोनवर आजचा दर बघतो आणि आकड्याच्या खाली एक रेघ दिसते. एका दिवसाचा आलेख असेल तर ती रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते, मग पुन्हा चढते. बाजूचे आकडे नीट वाचले की कळते, हा सगळा कडा जेमतेम दहा-पंधरा पैशांचा आहे. आता तोच आलेख दहा वर्षांचा करून बघा. आजचा कडा कुठे दिसतही नाही. दिसतो तो एक लांबलचक चढ. २०१४ च्या मध्याला डॉलर साधारण ६० रुपयांना होता, २०२४ संपताना तो ८५ च्या पुढे गेला होता. दिरहम डॉलरलाच बांधलेला असल्यामुळे दुबईकरांनाही जवळजवळ हाच चढ दिसतो.

दोन्ही आलेखांतले आकडे खरे आहेत. मग बरोबर आलेख कोणता? आज हजार डॉलर पाठवणाऱ्याला दहा पैशांचा फरक म्हणजे शंभर रुपये. त्याने पहिला आलेख बघावा. पण निवृत्त होऊन पुण्याला परतायचे आहे, तर बचत डॉलरमध्ये ठेवावी की रुपयात, असा विचार करणाऱ्याला त्या पहिल्या आलेखाचा काडीचाही उपयोग नाही. उलट तो उगाच घाबरेल.

आलेख कसे काढावेत यावर भरपूर नियम वाचायला मिळतात. अक्ष शून्यापासून सुरू करा, पाय चार्ट टाळा, रंग कमी वापरा. यातले बरेच नियम चांगले आहेत आणि काहींबद्दल मी खाली लिहिणारच आहे. पण माझे मत असे आहे की नियमांच्या आधी एक काम करायला हवे आणि नेमके तेच आपण करत नाही. आपण ज्या प्रश्नाचे उत्तर आलेखातून द्यायचे आहे तो प्रश्न पूर्ण वाक्यात, प्रश्नचिन्हासकट, कागदावर लिहायचा. एक्सेल उघडण्याआधी. हे न करता आकडे निवडून बटण दाबले की चित्र तयार होते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे चित्र काढणाऱ्यालाही माहीत नसते. मग बघणारा आपल्या मनाने प्रश्न ठरवतो आणि आपल्या मनाने उत्तर काढतो.

प्रश्न चुकला की काय होते याचे सर्वांत कडू उदाहरण अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमात आहे.

चॅलेंजरच्या आदल्या रात्री

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा या तीन ठिकाणची माणसे फोनवर बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडायचे होते आणि फ्लोरिडात रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार असा अंदाज होता. यानाच्या दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या रॉकेटांचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या सांध्यांतून गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून रबरी कडी बसवलेली असतात. त्यांना ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर कडक होते. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांना हीच काळजी होती. आधीच्या उड्डाणांनंतर समुद्रातून काढलेल्या रॉकेटांपैकी काहींच्या ओ-रिंगांना झळ लागल्याचे त्यांनी पाहिले होते. ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात उडवू नका असे त्यांनी सांगितले.

चर्चा अडली ती इथे. झळ लागलेल्या उड्डाणांपैकी सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांवरचे होते हे खरे, पण ७५ अंशांवर उडालेल्या एका यानाच्या ओ-रिंगांनाही झळ लागली होती. मग थंडीचा संबंध काय, असा प्रतिप्रश्न आला. झळ लागलेली तेवढीच उड्डाणे तापमानाच्या अक्षावर मांडली तर ठिपके ५३ पासून ७५ पर्यंत विखुरलेले दिसतात. त्यातून काहीच ठरत नाही.

दुर्घटनेनंतर चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने आपल्या अहवालात दोन आलेख दिले. पहिला वरच्यासारखा, फक्त झळ लागलेल्या उड्डाणांचा. दुसऱ्यात ज्यांना काहीच झाले नव्हते ती उड्डाणेही मांडली. दुसरा आलेख पाहिला की चित्र पालटते. ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ उड्डाणांत झळ लागली होती. ६३ किंवा त्याहून कमी तापमानाला ४ उड्डाणे झाली होती आणि त्या चारही उड्डाणांत लागली होती. चॅलेंजर उडाले तेव्हा हवेचे तापमान होते ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअस. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान हवेत तुटले आणि सातही अंतराळवीर गेले.

यात कोणी आकडे खोटे सांगितले नव्हते. 'झळ लागली तेव्हा तापमान किती होते?' हा एक प्रश्न आहे आणि 'तापमान कमी असताना झळ लागण्याची शक्यता वाढते का?' हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याला फक्त झळ लागलेली उड्डाणे पुरतात. दुसऱ्याला न लागलेलीही लागतात, किंबहुना तीच जास्त लागतात. निर्णय दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. एडवर्ड टफ्टी या आलेखांच्या नावाजलेल्या अभ्यासकाने १९९७ सालच्या पुस्तकात असे मांडले की अभियंत्यांनी योग्य आलेख काढला असता तर उड्डाण थांबले असते. त्यावर २००२ साली रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहलेखकांनी सविस्तर उत्तर दिले. बॉइजोली त्या रात्री उड्डाणाला विरोध करणाऱ्यांत होते. टफ्टी यांनी स्वतःच्या आलेखात हवेचे तापमान आणि ओ-रिंगचे तापमान यांची गल्लत केली आहे, असा त्यांचा एक मुद्दा होता. अभियंत्यांनी विरोध केला होता, वरिष्ठांनी तो बाजूला सारला. आलेख चांगला असता तरी ते ऐकले असते का, याचे उत्तर आलेखशास्त्र देऊ शकत नाही. पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. आलेखात काय आहे हे तपासण्याआधी त्यातून काय वगळले आहे हे विचारा. औषधाने बऱ्या झालेल्यांचा आलेख दाखवला, तर औषध घेऊनही बरे न झालेले आणि औषध न घेता बरे झालेले कुठे आहेत? यशस्वी उद्योजकांपैकी इतक्यांनी कॉलेज सोडले असा स्तंभालेख आला, तर कॉलेज सोडून अयशस्वी झालेल्यांचा स्तंभ कुठे आहे?

डोळा काय मोजतो

प्रश्न पक्का झाला की दुसरी पायरी येते. बघणाऱ्याचा डोळा नेमके काय मोजणार आहे, हे ठरवायचे. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरच्या ठिपक्यांच्या जागा माणूस सर्वांत अचूक ताडतो. त्याखालोखाल लांबी. कोन त्याच्या खाली, क्षेत्रफळ आणखी खाली, आणि रंगाचा गडदपणा तर फारच खाली. पाय चार्टवर लोक का चिडतात याचे कारण इथे आहे. २३ टक्के आणि २६ टक्के यांच्या फोडी शेजारी ठेवल्या तर मोठी कोणती हे डोळा सांगू शकत नाही. तेच दोन आडवे स्तंभ केले तर लहान मूलही सांगते.

'अक्ष शून्यापासून सुरू करा' हा नियम कुठे लावायचा आणि कुठे नाही, हेही यातूनच उलगडते. समजा, तुमच्या गावच्या मराठी शाळेत गेल्या वर्षी ११२ मुले होती आणि यंदा ११८ आहेत. वाढ साधारण पाच टक्क्यांची. आता स्तंभालेख काढा आणि उभा अक्ष ११० पासून सुरू करा. पहिला स्तंभ दोन घरांचा, दुसरा आठ घरांचा. डोळा लांबी मोजतो, त्यामुळे त्याला शाळा चौपट झालेली दिसते. स्तंभात लांबी हाच आकडा असतो, म्हणून स्तंभ शून्यापासूनच निघाला पाहिजे. इथे सवलत नाही.

रेघेचे तसे नाही. रेघेत डोळा जागा आणि चढ बघतो. हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. या प्रसिद्ध आलेखाचा अक्ष सहसा तीनशेच्या आसपास सुरू होतो आणि त्यात काहीही गैर नाही. त्यामुळेच तर वर्षावर्षाला होणारी बारीक चढउतार दिसते. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात वायू शोषतात आणि हिवाळ्यात तो पुन्हा वाढतो, हे त्या दातेरी रेघेतून वाचता येते. अक्ष शून्यापासून घेतला असता तर हे दाते जवळजवळ सपाट झाले असते.

शून्याचा आग्रह धरून फसवताही येते. डिसेंबर २०१५ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा आलेख प्रसिद्ध केला. त्याचा उभा अक्ष उणे १० पासून ११० अंश फॅरनहाइटपर्यंत होता आणि रेघ अर्थातच आडवी, मेलेल्या माणसाच्या हृदयाच्या आलेखासारखी. हवामान बदल वगैरे काही नाही, असे सुचवणारे ते चित्र होते. पण फॅरनहाइटचे शून्य म्हणजे काय? उणे १८ अंश सेल्सिअस. त्याला पृथ्वीच्या सरासरी तापमानाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. खरा प्रश्न असा की या विषयात किती बदल म्हणजे मोठा बदल? मागच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यापेक्षा साधारण पाच-सहा अंश सेल्सिअसनेच कमी होते आणि तेवढ्यात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाखाली होता. अशा विषयात एक अंश ठळक दिसायला हवा. तुमच्या अंगाच्या तापाचा तक्ता डॉक्टरांनी शून्य ते शंभर अंशांवर काढला तर तुम्ही दुसरा डॉक्टर शोधाल.

म्हणून अक्ष कुठून कुठपर्यंत घ्यायचा, हे त्या विषयात काय महत्त्वाचे आहे यावरून ठरते. त्याचा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही, कारण त्याला विषय माहीत नसतो.

बघणाऱ्याच्या सवयी मोडू नका

आपण आलेख वाचतो ते काही सवयींच्या जोरावर. वर म्हणजे जास्त, डावीकडून उजवीकडे म्हणजे काळ पुढे. या सवयी मोडायच्या असतील तर कारण फार भक्कम हवे. २०१४ साली रॉयटर्सने फ्लोरिडातल्या बंदुकीने झालेल्या खुनांचा आलेख प्रसिद्ध केला. २००५ मध्ये तिथे स्वसंरक्षणाचा वादग्रस्त कायदा आला, त्याच्या आधी आणि नंतर काय झाले हे दाखवायचे होते. पण उभा अक्ष उलटा होता. शून्य वर आणि मोठे आकडे खाली. लाल रंग वरून ओघळत आल्यासारखे चित्र दिसत होते. कायद्यानंतर खुनांचे आकडे वाढले होते, पण ज्यांनी घाईत पाहिले त्यांना ते एकदम घटलेले दिसले. हेतू फसवण्याचा होता असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र फसवण्याचाच झाला.

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने सर्वाधिक कोविडग्रस्त पाच काउंटींचा स्तंभालेख दिला. स्तंभ डावीकडून उजवीकडे छान उतरत गेलेले. खाली तारखा वाचल्या तर त्या क्रमाने नव्हत्याच. टीका झाल्यावर तो बदलला गेला, पण ज्या दिवसांत दुकाने उघडायची की नाही यावर वाद चालू होता त्या दिवसांत लोकांनी तो पाहिला होता.

हीच चूक आपल्याकडून नकळत, लहान प्रमाणात होते. भारताच्या लोकसंख्येचे आकडे घ्या. १९९१, २००१, २०११ या जनगणना आणि शेवटी २०२४ चा अंदाज. एक्सेलमध्ये साधा रेषालेख निवडला तर ही चार वर्षे सारख्या अंतरावर मांडली जाण्याचा धोका असतो, जणू २०११ ते २०२४ हे अंतरही दहाच वर्षांचे आहे. वर्षांना तो नुसत्या नावांसारखे वागवतो. त्याऐवजी स्कॅटर प्रकार निवडून ठिपके रेघेने जोडले की वर्षे आपापल्या खऱ्या जागी बसतात. एवढा एक बदल केला तरी अनेक आलेखांतले खोटे चढ-उतार नाहीसे होतात.

भागायचे कशाने?

कोविडच्या काळात आपण सगळेच इथे बसून तिकडचे आकडे बघत होतो. राज्यवार स्तंभालेखात महाराष्ट्राचा स्तंभ कायम सर्वांत उंच. साथीच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात साधारण ८० लाख आणि केरळमध्ये साधारण ६९ लाख रुग्णांची नोंद झाली. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी आणि केरळची ३.३४ कोटी. लोकसंख्येने भागले तर महाराष्ट्रात शंभर माणसांमागे सुमारे ७ नोंदी, केरळात सुमारे २०. क्रम उलटा झाला.

इथे थांबलो तरी आलेख अपुराच. कारण हे आकडे संसर्गाचे नाहीत, सापडलेल्या आणि नोंदलेल्या संसर्गाचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये अनेक राज्यांत रक्ततपासणी करून किती जणांत प्रतिपिंडे आहेत हे पाहिले. केरळात ती सुमारे ४४ टक्के लोकांत सापडली, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. महाराष्ट्रात सुमारे ५८ टक्के. लस घेतलेल्यांचाही यात समावेश होता, तरी एवढे दिसते की केरळ आपले रुग्ण अधिक चांगले शोधत होता.

एकाच साथीचे हे तीन आलेख आणि तिन्हींत वेगळे राज्य वाईट दिसते. 'रुग्णालयात खाटा कुठे जास्त लागतील?' असा प्रश्न असेल तर एकूण आकडा बघा. 'नोंदींचे प्रमाण कुठे जास्त?' असेल तर लोकसंख्येने भागा. 'विषाणू कुठे जास्त पसरला?' असेल तर रक्ततपासणी बघा. प्रश्न न लिहिता काढलेला आलेख या तिघांपैकी कोणाचे उत्तर देतो हे वाचणाऱ्याच्या राजकीय आवडीनिवडीवर अवलंबून राहते आणि व्हॉट्सॲपवर तेच झाले.

सरासरीमागचे ठिपके

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुले वाढवणाऱ्यांना शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी नवीन नाही. वाटाण्याची रोपे, निम्म्यांना साधे पाणी, निम्म्यांना खताचे पाणी, तीन आठवड्यांनी उंची मोजायची. फलकावर येतात ते दोन स्तंभ, दोन सरासऱ्या. मुलांना हे दोन स्तंभ काढू देऊ नका, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. पाच-पाच रोपे असतील तर दहाच्या दहा ठिपके काढायला लावा. कदाचित असे दिसेल की खताच्या पाण्याची चार रोपे साध्या पाण्याच्या रोपांएवढीच आहेत आणि एकच खिडकीपाशी असल्यामुळे भलतेच वाढले आहे. सरासरीने ते लपवले असते. आणि मुलाला पुढचा प्रश्न सापडला नसता.

फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे फार सुंदर दाखवले. त्याने अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी ७.५, दोहोंतला सहसंबंध सुमारे ०.८१६ आणि त्यातून जाणारी सरळ रेघही एकच. नुसते आकडे बघितले तर चारही संच जुळी भावंडे वाटतात. आलेखावर मांडले की एकात साधारण तिरपी रांग दिसते, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेघ आणि एकच भरकटलेला ठिपका. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत आणि एकटा दूर उभा ठिपका त्या तिरप्या रेघेला जन्म देतो. आकडे थोडे असतील तेव्हा सगळे ठिपके दाखवा. सरासरी हवी तर त्यांच्यावर एक रेघ मारा.

दोन उभ्या अक्षांचा आलेखही असाच जपून वापरायचा. डावीकडे एक मोजपट्टी, उजवीकडे दुसरी, आणि दोन रेघा. मोजपट्ट्या हव्या तशा ताणल्या की कोणत्याही दोन गोष्टी हातात हात घालून चालताना दाखवता येतात. त्यापेक्षा दोन आलेख एकाखाली एक काढा, किंवा दोन्ही आकडे पहिल्या वर्षी १०० धरून पुढे मांडा.

रंगांबद्दल एवढेच सांगतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठ जणांना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. तुमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये पंचवीस असे पुरुष असतील तर त्यातल्या एक-दोघांना तुमचे लाल-हिरवे स्तंभ सारखेच दिसत असणार आणि ते बहुधा तसे बोलून दाखवणार नाहीत. निळा आणि नारिंगी वापरा. शक्य असेल तिथे रंगांची किल्ली काढूनच टाका आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिचे नाव लिहा.

पण पटवायचे असेल तर?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आलेख लोकांना पटवण्यासाठीच काढतात, मग मुद्दा थोडा ठसठशीत दाखवला तर काय बिघडले? कारण चांगले असेल तर थोडी अतिशयोक्ती चालायला नको का?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला नक्कीच पटवायचे होते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी किती तरी जास्त संख्येने मेले, हे तिला सरकारच्या गळी उतरवायचे होते. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या गोल आलेखात प्रत्येक महिन्याची एक पाकळी आहे आणि रोगाने मेलेल्यांचा निळा भाग बाकी सगळ्यांना झाकोळून टाकतो. पण पाकळीत डोळा क्षेत्रफळ बघतो, म्हणून तिने मृत्यूंचे प्रमाण पाकळीच्या क्षेत्रफळाला दिले. त्याआधीच्या एका आवृत्तीत ते मध्यापासूनच्या लांबीला दिले होते. त्याने मोठे आकडे आणखी मोठे दिसत होते, म्हणजे तिच्या मुद्द्याला मदतच होत होती. तरी तिने ते बदलले. निळ्या पाकळ्या थोड्या लहान झाल्या, मुद्दा तेवढाच उरला.

माझे उत्तर तेच आहे. तुमचे कारण जितके चांगले, तितका तुमचा आलेख काटेकोर हवा. लसीकरण, हवामान, पाणी अशा विषयांत तुमच्याशी असहमत असणारा माणूस तुमच्या अक्षावर बोट ठेवायची वाटच बघत असतो. त्याला एक वाकडा स्तंभ सापडला की पुढचे दहा सरळ स्तंभ तो बघत नाही. आणि त्याचे काही चुकते असेही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिससाठी, मंडळाच्या वार्षिक सभेसाठी किंवा मुलाच्या फलकासाठी आलेख काढाल तेव्हा प्रश्न आधी लिहा आणि तोच आलेखाचे मथळा म्हणून द्या. 'मराठी शाळेची पटसंख्या' याऐवजी 'गेल्या दहा वर्षांत मराठी शाळेची मुले वाढली का?' मग आलेख घरातल्या कोणाला तरी दहा सेकंद दाखवा, कागद उलटा करा आणि विचारा, काय दिसले? त्यांच्या तोंडून तुमच्या प्रश्नाचे उत्तर आले तर पाठवून द्या. वेगळेच काही आले तर समजावून सांगत बसू नका, कारण सभेत प्रत्येकाच्या शेजारी बसून तुम्हाला समजावता येणार नाही. आलेख पुन्हा काढा.